हृदयाचं ऑपरेशन नीट झालं, पण छातीतलं पाणी पांढरं येऊ लागलं (टेट्रॉलॉजी, वय ४)

मानेवाड्याचा_बाप
१६ नोव्हेंबर, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. मला लिहिणं फारसं जमत नाही, पण झोपही येत नाही, म्हणून लिहून राहिलो.

पोरगी ४ वर्षांची. टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाला छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. रडली की ओठ जांभळे व्हायचे, आम्ही म्हणायचो थंडीनं होत असेल. अंगणवाडीत आरबीएसकेची (सरकारी बाल आरोग्य योजनेची) तपासणी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. तिथून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग कागदपत्रं, मग तारीख. ३ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

सहा तासांनी सर्जन बाहेर आले, म्हणाले छिद्र बंद केलं, वाट मोकळी केली, सगळं छान. आम्ही त्याच संध्याकाळी संत्रा बर्फी वाटून मोकळे झालो. फुप्फुसाबद्दल तोवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. किंवा काढला असेल, त्या १२ पानी संमतीपत्रात. सह्या करताना कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर काढला. तिसऱ्या दिवशी डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग बसला, एक्स-रेमध्ये तिथं पांढरं दिसायचं. फिजिओवाल्या ताईंनी पाठ थोपटून थोपटून तो उघडला. पाचव्या दिवशी छातीतली नळी काढायचं ठरलं होतं. नळीच्या बाटलीत येणारं पाणी तोवर पिवळसर लाल होतं आणि कमी होत चाललं होतं. त्या दिवशी सकाळी तिला पहिल्यांदा दूध दिलं, अर्धा कप आणि दोन बिस्किटं. आवडीनं खाल्ली. दुपारी चारच्या सुमारास मी बाटलीकडे पाहिलं तर नळीत पांढरी रेघ. वाटलं खिडकीतला उजेड असेल. मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. गवळ्यानं पाणी घातलेलं दूध असतं ना, अगदी तसं.

सिस्टरला म्हटलं, ताई, पोरगी प्यायली ते दूध बाटलीत येऊन राहिलं. ती हसली, म्हणाली, असं नसतं होत दादा. रात्रीच्या ड्यूटीवरचा पोरगा डॉक्टर म्हणाला पू असेल, कल्चरला पाठवतो. सकाळी मोठे डॉक्टर आले, बाटली खिडकीकडे धरून तिरपी केली आणि 'कायलो' एवढंच बोलले. कायलोथोरॅक्स, म्हणजे खाल्लेल्या स्निग्धाचा पांढरा रस छातीत गळणं. पाणी तपासलं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, ६०० च्या वर.

नळी आणखी १६ दिवस राहिली. तेल-तूप-साय-शेंगदाणे सगळं बंद, डब्यातलं एमसीटीचं, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या स्निग्धाचं, दूध चालू. २७ ऑक्टोबरला घरी आलो. ६ आठवडे पथ्य सांगितलं आहे. दिवाळीत घरात चिवडा केलाच नाही, तिच्यासमोर कोण खाणार.

आता मुद्द्याचं. दोन दिवसांपासून ती रात्री खोकते. ताप नाही. आज झोपेत श्वास जरा वर चढल्यासारखा वाटला. बायको म्हणते थंडी पडली म्हणून. कोणाच्या लेकराला असं झालं होतं का? परवा फॉलोअप आहेच, तोवर थांबावं का?

गॅसवाला
१७ नोव्हेंबर, रात्री १२:०६

मी भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं करा. ती शांत झोपलेली असताना पांघरूण बाजूला करून पोट किती वेळा वर होतं ते पूर्ण १ मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, श्वास सोडताना कण्हते का, तेही पाहा.

मानेवाड्याचा_बाप
रात्री १२:१३

४४. पुन्हा मोजलं, ४३. बरगड्यांचं नीट कळत नाही, थोडं ओढल्यासारखं वाटतं. ओठ गुलाबी आहेत.

गॅसवाला
रात्री १२:१४

निघा. परवाची वाट पाहू नका. जिथं ऑपरेशन झालं तिथंच जा, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा एक्स-रे सोबत घ्या. गाडीत उशीवर डोकं उंच ठेवा. काही खायला देऊ नका, सुई लावायची वेळ आली तर पोट रिकामं बरं.

भंडारेकर
सकाळी ७:३०

आत्ता पाहिलं. दादा, काय झालं ते कळवा बापा.

आमच्या लेकराचं सांगतो. डाऊन सिंड्रोम, मोठं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. ९ महिन्यांचं असताना ऑपरेशन. छिद्रातून महिनोन्महिने जास्तीचं रक्त फुप्फुसात जाऊन राहिलं होतं, त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या जाड झालेल्या, प्रेशर चढलेलं. छिद्र बुजलं तरी त्या वाहिन्या काही लगेच शहाण्या होत नाहीत. दुसऱ्या रात्री सिस्टरनं नळीतून कफ ओढला आणि पोट्टं एकदम काळंनिळं. मॉनिटरवरचा ऑक्सिजन ९६ वरून ५२. काचेतून मी पाहून राहिलो होतो. त्याला पल्मोनरी हायपरटेन्सिव्ह क्रायसिस म्हणतात. फुप्फुसाच्या वाहिन्या आवळून घेतात, रक्त पुढं जातच नाही. मग झोपेचं औषध वाढवलं, शंभर टक्के ऑक्सिजन, आणि वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूचा सिलिंडर आणला. चार दिवस कफ ओढायचा झाला की आधी औषध देऊन गाढ झोपवायचे, मगच हात लावायचे.

घरी येताना फुप्फुसाच्या वाहिन्या सैल राहाव्या म्हणून सिल्डेनाफिल लिहून दिलं, म्हणजे व्हायग्रातलं औषध. आता ही गोळी दुनिया कशासाठी ओळखते ते तुम्हाला माहीत आहे. गावातल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या गिऱ्हाइकाला डोळा मारला. मी म्हटलं, भाऊ, वय वाच. ११ महिने. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आता मी गेलो की स्टूल देतो बसायला.

महालची_आजी
सकाळी ८:१२

देव करो पोरीला लवकर बरं वाटो. पण मला एक कळत नाही, एवढं मोठं ऑपरेशन झालेल्या लेकराला तूप बंद कसं करता? अंगात ताकद यायची कशी? आमच्या वेळी बाळंतिणीला नि आजाऱ्याला आधी तूपच द्यायचे. मऊ भात, वरण, वर चमचाभर साजूक तूप. डॉक्टर लोक काहीही सांगतात.

चौकस
सकाळी ८:४०

आजींशी अर्धा सहमत. तूप नसेल चालत तर खोबरेल तेल द्या. त्यात एमसीटी असतं, मी वाचलं आहे. डब्यातल्या महागड्या दुधाची गरजच नाही. आणि खोकल्याला रात्री वाफ.

गॅसवाला
सकाळी ९:२५

चौकस, दोन्ही नको.

आपण जे तेल-तूप खातो त्यातली स्निग्ध आम्लं लांब साखळीची असतात. ती आतड्यातून थेट रक्तात जात नाहीत, लसिकावाहिन्यांतून (लिम्फ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) जातात. या सगळ्या वाहिन्या मिळून एक मुख्य नळी होते, थोरॅसिक डक्ट. ती पोटातून वर, मणक्याला टेकून छातीतून जाते आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत उघडते. जेवल्यावर तिच्यात पांढरा स्निग्ध रस भरतो, तो कायल. ऑपरेशनमध्ये या नळीला किंवा तिच्या फांद्यांना इजा झाली तर तो रस छातीत गळतो. उपाशी लेकरात हा रस पांढरा नसतोच, म्हणून दूध प्यायल्यावरच बाटली पांढरी झाली. बापानं बरोबर ओळखलं होतं. पाण्यात ट्रायग्लिसराइड १०० मिलिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कायल धरतात.

टेट्रॉलॉजीत आणखी एक भानगड असते. उजवा कप्पा वर्षानुवर्षं जोर लावून जाड झालेला असतो, दुरुस्तीनंतर तो काही दिवस ताठर राहतो. मागं शिरांमध्ये दाब वाढतो. जिथं लसिका ओतली जायची तिथंच दाब जास्त, मग ती तुंबते आणि पाझरते. त्यामुळे दर वेळी कोणाच्या हातून नळी कापली गेली असंच नसतं, हेही सांगून ठेवतो.

एमसीटी म्हणजे मध्यम साखळीची, ८ आणि १० कार्बनची आम्लं. ती आतड्यातून सरळ यकृताकडे जातात, लसिकेला टाळून. खोबरेल तेलात सगळ्यात जास्त असतं १२ कार्बनचं लॉरिक आम्ल. नाव मध्यम साखळीचं, पण त्याचा बराचसा भाग लांब साखळीसारखा लसिकेच्याच वाटेनं जातो. डब्याला ते पर्याय नाही. आणि वाफेच्या भांड्यानं भाजलेली लेकरं मी आयुष्यात इतकी पाहिली आहेत की त्यावर बोलायलाच नको.

आजी, आपला राग समजतो. पण या लेकरात तुपाचा चमचा ताकद देत नाही, छातीत जाऊन बसतो. शिवाय त्या रसासोबत प्रथिनं आणि लढणाऱ्या पेशीही वाहून जातात.

ग्लेनची_आई
सकाळी १०:०५

फुप्फुसाचा त्रास म्हटलं की सगळे न्यूमोनियाच समजतात. आमचं वेगळंच होतं. लेक ८ महिन्यांची असताना ग्लेन ऑपरेशन (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त थेट फुप्फुसाकडे वळवतात ते), एकच पंप करणारा कप्पा असलेलं हृदय. व्हेंटिलेटर काढला की दोन तासांत परत लावायची वेळ. तीनदा. चौथ्या वेळी एका डॉक्टरांनी तिला उघडं ठेवून नुसतं पाहत बसायचं ठरवलं. श्वास घेताना पोटाची एक बाजू वर आणि दुसरी खाली जात होती, सी-सॉ सारखी. सोनोग्राफीत दिसलं, उजवा श्वासपटल हलतच नाही. मानेतून येणारी फ्रेनिक नस हृदयाला अगदी चिकटून जाते, तिला ताण बसला की श्वासपटल लुळा पडतो. तान्ह्या बाळाचा सगळा श्वास त्याच्यावरच असतो. शेवटी तो पडदा टाके घालून खाली ताणून बसवला, प्लायकेशन. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला.

श्वास_फिजिओ
दुपारी १२:४०

फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांच्या आयसीयूत काम करते. वरच्या मोठ्या गोष्टींवर बोलायचा माझा अधिकार नाही. रोजच्या कामाचं लिहिते.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर ४ वर्षांच्या पोरांना कळत नाही. ती फुंकतात, आणि त्यात ओढायचं असतं. त्यापेक्षा साबणाचे फुगे, ग्लासभर पाण्यात स्ट्रॉनं बुडबुडे, तान्ह्या पोळ्यात मिळते तसली पिपाणी. लांब फुंकर मारायची तर आधी खोल श्वास घ्यावाच लागतो, तेच आपल्याला हवं. मी तर गुदगुल्या करते. खळखळून हसणं हा उत्तम व्यायाम.

खोकताना टाक्यांवर उशी किंवा टेडी घट्ट धरायला शिकवा. दुखतं म्हणून पोरं खोकला दाबतात, कफ साचतो, खालचा भाग बसतो. डावीकडचा जास्त.

आणि कृपा करून काखेत हात घालून उचलू नका. छातीचं हाड जुळायला ६ आठवडे तरी लागतात. एक हात पाठीला, एक बुडाखाली. आजोबा लोक हमखास काखेतूनच उचलतात, त्यांना आधी सांगा.

निळी
दुपारी २:१५

मी या सगळ्या लेकरांची मोठी आवृत्ती. वय ३१, टेट्रॉलॉजी, ६ व्या वर्षी ऑपरेशन. शाळेत 'निळी' म्हणायचे, नाव मीच ठेवून घेतलं.

माझ्या वेळी आईबाबांना सांगितलं होतं, झालं, आता विसरून जा. आम्ही खरंच विसरलो. २४ व्या वर्षी रामटेकच्या पायऱ्या चढताना मधेच बसले, उठवेना. वाटलं दमा. सहा महिने पंप ओढला. मग एका डॉक्टरांनी छातीवरचा व्रण पाहून इको करायला लावला. टेट्रॉलॉजीच्या दुरुस्तीत फुप्फुसाच्या दाराची झडप बऱ्याचदा कापून मोकळी करतात, ती नंतर गळत राहते आणि उजवा कप्पा हळूहळू फुगतो. शिवाय लहानपणी छाती उघडलेली, त्यामुळे फुप्फुसाची क्षमताही माझ्या वयाच्या बाईपेक्षा कमी भरली. झडप बदलली, आता पायऱ्या चढते, सावकाश.

दादा, दरवर्षी इको चुकवू नका. लग्न झालं तरी.

गॅसवाला
दुपारी ३:३०

कोणी विचारण्याआधी जरा जुनं सांगतो, मला राहवत नाही. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन रुळण्याआधी, मार्च १९५४ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात सर्जन लिलेहाय यांनी एका वर्षाच्या आसपासच्या बाळाचं व्हीएसडी बंद केलं. मशीन नव्हतं, म्हणून बाळाच्या बापालाच शेजारच्या टेबलवर झोपवून त्याच्या रक्ताभिसरणाला बाळ जोडलं. बापाचं हृदय आणि फुप्फुस त्या काळात दोघांचं काम करत होतं. छिद्र नीट बुजलं. बाळ ११ व्या दिवशी न्यूमोनियानं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी याच पद्धतीनं टेट्रॉलॉजीची पहिली पूर्ण दुरुस्ती केली.

आज मशीन आहे, पण मशीनवर असताना फुप्फुसातून रक्त जवळजवळ फिरत नाही, ती मिटून पडलेली असतात. प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरून आलेलं रक्त चवताळलेलं असतं, सूज आणतं, बारीक वाहिन्या पाझरायला लागतात. म्हणून पहिले काही दिवस आमचं अर्धं लक्ष फुप्फुसाकडे.

भंडारेकर
दुपारी ३:४१

सर, हे वाचून छातीत धस्स झालं. मानेवाडा दादांनी अजून काही लिहिलं नाही.

मानेवाड्याचा_बाप
१७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ठीक आहे. ॲडमिट आहे, पण ठीक आहे. आत्ता बुडबुडे फुगवून राहिली आहे, फिजिओ ताईंचं वाचून कँटीनमधून स्ट्रॉ आणला.

रात्री एक वाजता पोचलो. एक्स-रेमध्ये उजवीकडे पाणी. सोनोग्राफीवर हृदयाभोवती काही नाही, म्हणाले ते बरं. काही लेकरांना ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी ताप येऊन हृदयाभोवती आणि फुप्फुसाभोवती पाणी होतं, ते वेगळं प्रकरण असतं. आमच्याकडे ताप नव्हताच. सुईनं थोडं काढलं. पांढरट.

डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय? बायकोनं वही काढली. ती रोज लिहिते. वरण बिनफोडणीचं, भात, ज्वारीची भाकरी, अंड्याचा पांढरा भाग, मुरमुरे, संत्रं, साय काढलेलं दूध, डब्यातलं दूध. डॉक्टर म्हणाले, मग हे कुठून आलं?

माझी आई तिथं दाराशी उभी होती. म्हणाली, मी देत होते. रोज एक चमचा. वरणात विरघळून जातं, दिसत नाही. पोरीच्या गालाचं हाड दिसून राहिलं होतं, मला पाहवेना.

मी काही बोललो नाही. बायको तर अजूनही बोलत नाही तिच्याशी. पथ्याचे ६ आठवडे आजपासून पुन्हा पहिल्यापासून.

महालची_आजी
रात्री ९:५५

बाळा, सकाळी मीच तुपाचं लिहिलं होतं. दिवसभर फोन हातात घेऊन बसले आहे. तुझ्या आईला रागावू नकोस. डॉक्टरांनी तुम्हा दोघांना बसवून सांगितलं, तिला कोणी बसवून सांगितलं होतं का? नुसतं 'देऊ नको' म्हटलं असेल. त्या डॉक्टरांनी वर लिहिलं तसं, नळी कुठून जाते, तूप कुठं जाऊन बसतं, हे तिला वाचून दाखव. मला आज कळलं, तिलाही कळेल. सूनबाईलाही सांग, उद्याचा डबा सासूलाच करू दे.

ग्लेनची_आई
रात्री १०:१०

आजी __/\__

गॅसवाला
रात्री १०:३०

पाणी थोडंच आहे आणि लवकर सापडलं, बहुतेक पथ्यावर उतरेल. नाही उतरलं तर ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन असतं, आणि अगदीच नाही तर ती गळणारी थोरॅसिक डक्ट बांधतात, त्यावर आज विचार करू नका. दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. एक, एवढे दिवस स्निग्ध पदार्थ बंद असताना ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं आणि आवश्यक स्निग्ध आम्लं कशी द्यायची. दोन, लसी. रक्त दिलं असेल तर गोवरासारख्या काही लसी पुढं ढकलतात. फ्लूची कधी घ्यायची तेही विचारा, घरातल्या सगळ्यांनी.

मानेवाड्याचा_बाप
१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३५

आज सोनोग्राफी झाली. पाणी कमी. श्वास झोपेत २८. शनिवारी सोडतील बहुतेक.

काल आईला गॅसवाला सरांचं सगळं वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, म्हणजे तूप तिच्या पोटात जातच नव्हतं तर. आज डबा तिनंच पाठवला. मऊ भात, लिंबू पिळलेलं वरण, डब्यावर कागद चिकटवलेला: 'तेल नाही तूप नाही'. पोरीला वाचता येत नाही, तिला वाटलं चित्र आहे.

एक अडचण आहे. एमसीटीचा डबा इथल्या मेडिकलमध्ये संपला, मागवलाय म्हणतात, सोमवारी येईल. आमच्याकडे दोन दिवसांपुरता आहे. सीताबर्डीकडे कुठं मिळतो का?

ग्लेनची_आई
संध्याकाळी ६:४८

आमच्याकडे एक आहे. लेकीला नंतर पाणी झालं होतं तेव्हा जास्तीचा घेतला, लागला नाही. मार्चपर्यंतची तारीख आहे. धंतोलीत असते मी.

मानेवाड्याचा_बाप
संध्याकाळी ६:५०

सीलबंद आहे का ताई?

ग्लेनची_आई
संध्याकाळी ६:५१

हो. ८ नंतर कधीही या. निरोपात पत्ता टाकते.